कौतुकपेटी की थोरली-धाकटीची जोडी?

आमच्याकडच्या मराठी प्राथमिक शाळेत समुपदेशक म्हणून वेगळे कोणी नसते. वर्गशिक्षकाच्या गळ्यात जी दहा कामे असतात त्यांतलेच ते एक. त्यामुळे मुलींना धीट करणारा आणि एकमेकींशी मायेने वागायला लावणारा उपक्रम निवडताना, शनिवारच्या सकाळच्या शाळेत काय बसते हेच आधी पाहावे लागते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या पहिली ते सातवीच्या शाळेत मी कौतुकपेटी (मुलींनी एकमेकींच्या कौतुकाच्या चिठ्ठ्या पेटीत टाकायच्या आणि शनिवारी त्या वर्गात वाचायच्या) आणि थोरली-धाकटीची जोडी (वरच्या वर्गातल्या मुलीने खालच्या वर्गातल्या मुलीबरोबर वाचायचे) हे दोन्ही उपक्रम वर्षवर्षभर चालवून पाहिले. (आरशासमोर उभे राहून ‘मी हुशार आहे’ असे म्हणवून घेण्याचा तिसरा प्रकारही केला होता, पण पंधरा दिवसांत तो मुलींना माझी नक्कल करण्यापुरताच उरला.)

कौतुकपेटीच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. खर्च नाही, वर्ग कितीही मोठा असला तरी चालते आणि जिच्या तोंडून शब्द फुटत नाही तीही चार ओळी लिहिते. सुरुवातीला चिठ्ठ्यांत ‘तू छान आहेस’, ‘तू हुशार आहेस’ एवढेच येई. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवरचे जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत हुशारीचे कौतुक झालेली मुले पुढे अवघड कोडी आल्यावर लवकर खचली आणि मेहनतीचे कौतुक झालेली टिकून राहिली. ते ध्यानात ठेवून मी मुलींना ‘ती कशी आहे ते लिहू नका, तिने काय केले ते लिहा’ असे सांगितले आणि चिठ्ठ्यांचा नूर पालटला. ‘नळावर गर्दी होती तरी तू माझी बाटली आधी भरू दिलीस’ ही चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे.

माझे मन उडाले ते वेगळ्याच गोष्टीने. चिठ्ठ्या फिरून फिरून त्याच चार-पाच मुलींच्या नावाने निघत. पाचवीत वर्षाच्या मध्येच एक मुलगी आली होती. आईवडील वीटभट्टीवर कामाला, घरात कन्नड, मराठी कानावर पडलेली तेवढीच. सलग तीन शनिवार तिच्या नावाची एकही चिठ्ठी निघाली नाही. पेटी उघडली की ती ताठ बसे आणि नावे संपली की पाटीवरचे काहीतरी पुसू लागे, पाटी कोरी असली तरी. चौथ्या शनिवारी मीच अक्षर बदलून तिच्या नावाने एक चिठ्ठी टाकली. सोमवारी तिने गृहपाठाची वही माझ्या टेबलावर ठेवली, लाल शाईतल्या माझ्या शेऱ्याशेजारी ती चिठ्ठी ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “सर, हे तुमचंच अक्षर की.” माझा ‘श’ गाठीचा आहे आणि तो काही केल्या लपत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

यावर उपाय म्हणून, प्रत्येकीला एक तरी चिठ्ठी मिळावी यासाठी नावे वाटून देऊन पाहिली. तेव्हा कौतुकाचा गृहपाठ झाला. “सर, हिच्याबद्दल काय लिहू?” हा प्रश्न भर वर्गात, जिच्याबद्दल तो होता तिच्या देखत, मोठ्याने विचारला गेला. अन्य शाळांतून हे चांगले चालतही असेल. मला मात्र त्यानंतर पेटी उघडण्याचे धैर्य राहिले नाही.

पुढच्या वर्षी सहावी-सातवीच्या मुलींना दुसरी-तिसरीच्या मुलींशी जोडून दिले. आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटे, दोघींनी मिळून धाकटीचे पुस्तक वाचायचे. जोड्या मीच लावत असल्याने कोणी उरत नाही, हा पहिला फायदा. दुसरा असा की स्वतःच्या वर्गात अडखळणारी मुलगी दुसरीचे पुस्तक बिनचूक वाचते आणि तिच्याकडे टक लावून पाहणारे कोणीतरी समोर असते. सहावीत गेलेल्या त्याच मुलीला मी मराठीऐवजी कन्नडच्या पुस्तकासाठी एक धाकटी दिली. सकाळी शाळेत दूध वाटतात (कर्नाटक सरकारची क्षीरभाग्य योजना २०१३ पासून चालू आहे), तेव्हा धाकटीने ऐटीत कन्नडमधून ‘हाळु’ मागितले. दूध म्हणजे ‘हालु’. ‘हाळु’ म्हणजे नासधूस. थोरलीने पेल्यावर हात ठेवला, हसली आणि तो शब्द तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतल्यावरच पेला पुढे केला. जी भाषा वर्गात तिला गप्प बसवत होती, त्याच भाषेची ती आता मास्तरीण होती. आठवीला गाव सोडून मोठ्या, बहुतांशी कन्नड हायस्कुलात गेल्यावर आमच्या मराठी मुली कशा मिटून जातात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

जोडीत खोट नाही असे नाही. थोरल्यांची ताईगिरी चालते. एकीने आपले दप्तर धाकटीच्या पाठीवर दिलेले मी स्वतः पाहिले आहे. ‘मुली घरी धाकट्या भावंडांना सांभाळतातच, शाळेतही तेच कशाला?’ असे आमच्या एका बाईंनी विचारले आणि त्यावर मला पटकन उत्तर देता आले नाही. म्हणून वेणी घालणे, नाक पुसणे, डबा धुणे यांतले काहीही करायचे नाही, फक्त पुस्तक, असा नियम केला आणि मुलग्यांच्याही जोड्या लावल्या, नाहीतर ते बायकांचे काम ठरले असते. महिन्यातून एकदा धाकटीला एकटीला बोलावून ‘जोडी बदलू का?’ असे विचारणे चुकवू नये.

तुमच्याकडे नुसते हायस्कूल असेल, धाकटे वर्गच नसतील, तर पेटीवाचून इलाज नाही असे म्हणता येईल. वर्गात एकटे कोण पडले आहे हे नव्या शिक्षकाला पेटी दोन शनिवारांत दाखवते, हा तिचा गुण मी नाकारत नाही. फक्त चिठ्ठ्या वर्गात वाचून दाखवू नयेत, घरी नेऊन मोजाव्यात. पहिली ते सातवी एकाच आवारात असेल तर मात्र मी जोडीच धरावी असे सुचवीन. ती जूनमध्ये लावू नये, कारण आमच्या जंगलपट्ट्यात पावसात आणि भातलावणीत हजेरीचा भरवसा नसतो आणि थोरली आली नाही की धाकटी दारात वाट पाहत बसते. गणपती झाल्यावर लावावी आणि दसऱ्याच्या सुट्टीनंतर ज्या जोड्या आपणहून शेजारी येऊन बसतील त्या तशाच ठेवाव्यात.