हेल्मेटचं बकल: ८ महिने वापरल्यानंतर

कोल्हापुरात राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, रोज जाऊन-येऊन. आयएसआयवालं फुल फेस, १४५० ला घेतलेलं. वजन, काच, हवा सगळं ठीक आहे, मला लिहायचंय ते बकलावर.

पाचव्या महिन्यात खटका धरेना. टिक टिक वाजायचं पण पट्टा ओढला की सुटायचा. दुकानात गेलो तर म्हणतोय बकल वॉरंटीत येत नाही, आणि वर "पट्टा लावतंय कोण भाऊ इथं!" लई तापलो. अरे पट्टा नसेल तर पडताना हेल्मेटच आधी निसटतं, मग डोकं उघडंच की. तीन हेलपाटे घातले तेव्हा कुठं पट्ट्यासकट बदलून दिलं, १५० घेतलेच. त्या दिवशी लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता.

मग जानेवारीत, उसाचा सीझन, उजळाईवाडीच्या पुढं ट्रॉलीतनं पडलेल्या उसावरनं चाक घसरलं आणि उजव्या कानाच्या बाजूनं आपटलो. हेल्मेट जागचं हललं नाही. खांदा सुजला, डोक्याला साधं टेंगूळ नाही. बाहेरनं नुसता ओरखडा, म्हटलं चालतंय अजून, १४५० कशाला पाण्यात घालायचे. घरी आतलं कापड काढलं तर थर्माकोल अंगठ्याएवढा चेपलेला आणि तिथनं केसासारखी चीर गेलेली. तो चेपण्यासाठीच असतो, तेवढ्यात डोकं जरा सावकाश थांबतं आणि मेंदूला कमी हिसका बसतो, पण एकदा चेपला की परत फुगत नाही. दुकानदार म्हणाला काच बदला, बास. नाही ऐकलं. दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून पट्टाच कापून टाकला.

नंतर बरंच वाचत बसलो. १९३५ ला लॉरेन्स ऑफ अरेबिया, म्हणजे पहिल्या महायुद्धात गाजलेला ब्रिटिश अधिकारी, मोटरसायकलवरनं पडून वारला, त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा सर्जन होता. त्यानं पुढं मोटरसायकलवाल्या सैनिकांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ ला छापला, त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात हेल्मेट सक्तीचं झालं. आणि आपल्याकडं पोलीस दिसला की टाकीवरचं हेल्मेट डोक्यावर येतं, फार वाईट वाटतं बघून.

जुन्याला पाचपैकी चार. नवीन डबल डी रिंगवालं घेतलंय, दुसऱ्या दुकानातनं. दोन कड्यांतनं पट्टा ओवायचा, झिजायला खटकाच नाही. हातमोजे घालून जमायला आठ दिवस गेले.

काल बायकोच्या हेल्मेटचं बकल ओढून बघितलं, तेपण सुटतंय. रविवारी तिलापण कड्यावालंच आणतोय.