मोसासॉरचा जबडा, स्पायनोसॉरसचा दात आणि माझे २९,५५० रुपये

स्वतःला जयपूरचा व्यापारी म्हणवणाऱ्या आणि मोरोक्कोतील जीवाश्म दात विकणाऱ्या एका इसमाने माझी २९,५५० रुपयांना फसवणूक केली आहे. त्यांपैकी १८,५०० रुपये मोसासॉर या प्राचीन समुद्री सरड्याच्या जबड्याचे, ७,२०० रुपये स्पायनोसॉरस या डायनासोरच्या दाताचे, २,३५० रुपये कस्टम आणि कुरिअरचे, तर १,५०० रुपये ज्या कागदावर त्याने ‘अस्सलतेचे प्रमाणपत्र’ असे छापले होते त्या कागदाचे. सर्व रक्कम यूपीआयने गेली. मी या छंदात नवखा नाही हे आधीच नमूद करतो, कारण घरच्यांपासून पोलिसांपर्यंत प्रत्येकाने मला नवखा समजूनच वागवले.

किंमत पाहूनच शंका यायला हवी होती, हा आरोप मला मान्य नाही. या प्राण्यांचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत, त्यामुळे सुटे दात विपुल सापडतात. मोरोक्कोच्या केम केम नावाच्या खडकथरांतील, सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचा स्पायनोसॉरसचा लहान दात सामान्य संग्राहकालाही परवडतो. पडलेल्या दाताला बहुधा मूळ नसते, कारण ते आधीच विरघळून गेलेले असते. म्हणूनच कोणी ‘मुळासकट, अखंड, मोठा’ असा दात सहज दाखवू लागला, तर सावध व्हा. माझा दात मुळासकट होता.

जबड्याची गोष्ट अधिक संतापजनक आहे. मोरोक्कोतील खुरिब्गा परिसरातल्या फॉस्फेटच्या खाणींतून मोसासॉरचे दात मोठ्या प्रमाणावर निघतात, आणि खरी लबाडी ही की बनावट जबड्यांतले दात अस्सलच असतात. सुटे दात गोळा करायचे, वाळू आणि फॉस्फेटची भुकटी डिंकात कालवून ‘खडक’ तयार करायचा, त्यात ते दात ओळीने रोवायचे आणि जबडा म्हणून विकायचे. माझ्या नगातील एक दात प्रोग्नॅथोडॉन या मोसासॉरचा, आखूड आणि जाड. शेजारचा सडपातळ, बहुधा प्लेसिओसॉर या दुसऱ्याच समुद्री सरीसृपाचा. वेगवेगळ्या गावचे भाडेकरू एकाच चाळीत राहावेत तसे ते बसवलेले होते. गुजरीतील ओळखीच्या सराफाकडचे भिंग आणून मी दात तपासले होते आणि इनॅमल खरे असल्याची खात्री करून घेतली होती. इनॅमल खरेच होते. भिंग दातावर नव्हे, दात आणि खडक यांच्या सांध्यावर धरावे लागते, हे विक्रेता कशाला सांगेल?

ज्या क्षणी हे सारे थांबायला हवे होते, तो क्षण मला आता झोपू देत नाही. पैसे देण्यापूर्वी मी त्याच्याकडे दाताच्या मुळाचा फोटो मागितला होता. मोसासॉरच्या दाताचे मूळ हाडासारखे, सच्छिद्र आणि दाताच्या शेंड्यापेक्षा जाड असते. जबडा खरा असेल तर ते कडेने कुठेतरी दिसायला हवे. त्याने पुन्हा शेंड्याचाच फोटो पाठवला. मी पुन्हा मागितला, तेव्हा त्याने लिहिले, “सर, खडक फोडला तर नगाची किंमत जाईल.” हे उत्तर ऐकायला इतके रास्त होते की माझ्या जागी दुसरा कोणी असता तरी गप्प बसला असता, पण खडक फोडायला मी सांगितलेच नव्हते, फक्त खालची बाजू दाखवायला सांगितली होती.

नग हाती आल्यावर भूगर्भशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी खडकाच्या कोपऱ्यावर कापसाने डिंक विरघळवणारे ॲसिटोन लावले आणि ‘खडक’ चिखलासारखा सुटू लागला. नोटा तपासण्याच्या अतिनील टॉर्चखाली दातांभोवती डिंकाचे पट्टे निळसर पांढरे उजळले. स्पायनोसॉरसचा दात तर दोन दातांचे तुकडे जोडून लांब केलेला निघाला. त्याच्या पृष्ठभागावरील बारीक उभ्या रेषा सांध्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूस जुळत नव्हत्या. टॉर्च दोन-तीनशे रुपयांना मिळतो. आधी टॉर्च घ्या.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी “दात? कोणाचा दात?” असे विचारून शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यालाही हसण्यात सामील करून घेतले. मग वस्तू खोटी असल्याचा दाखला आणा म्हणाले. प्राध्यापकांचे पत्र नेले तर ते सरकारी तज्ज्ञ नाहीत म्हणाले. सरकारी तज्ज्ञ कोण, असे विचारले तर ते तुम्हीच शोधा म्हणाले. सायबर विभागाने सांगितले की वस्तू प्रत्यक्ष मिळाली आहे, त्यामुळे हा ग्राहक तक्रारीचा विषय आहे. बँकेने सांगितले की व्यवहार तुमच्या संमतीने झाला आहे. कुरिअर कंपनीने पाठवणाऱ्याचा पत्ता ‘गोपनीय’ ठरवला, आणि ग्राहक आयोगात तक्रार करायची तर नेमका तोच पत्ता लागतो. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला आयोगात शुल्क नाही, हे खरे. पण नोटीस पाठवायची कोणाला? एका अधिकाऱ्यांनी तर मला असल्या वस्तू घरात ठेवणे कायदेशीर आहे का, असे उलट विचारले, म्हणजे चोर राहिला बाजूला आणि चौकशी माझी. पैसे गेल्याचे त्याच दिवशी लक्षात आले तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन करा. मला पार्सल येईपर्यंत काही कळण्याचा मार्गच नव्हता. आणि विक्रेत्याचा पूर्ण पत्ता व जीएसटीचे बिल आधी मागा, प्रमाणपत्र नको.

याच इसमाने पुढे मला पन्हाळ्याजवळच्या खाणीत सापडलेला डायनासोरचा दात ९,००० रुपयांना देऊ केला. आपल्याकडचा हा काळा दगड लाव्हारसाचा आहे, त्यात दात कुठून सापडणार? महाराष्ट्रात डायनासोरचे अवशेष मिळतात ते मुख्यतः चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्यासारख्या ठिकाणी, लॅमेटा नावाच्या गाळाच्या खडकथरांत. एवढे धाडस तो करतो याचा अर्थ तेही कोणीतरी घेत असणार.

त्याचा जुना क्रमांक बंद आहे. नव्या क्रमांकावरून तसाच जबडा आता २१,००० रुपयांना विक्रीस आहे, आणि फोटो पुन्हा शेंड्यांचेच आहेत.