1.7 टन पासिंगची पिकअप : दोन हंगामांनंतरचा अभिप्राय

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि तासगावहून बेदाणा वाहण्यासाठी मी दोन हंगामांपूर्वी ही पिकअप नवी घेतली. इंजिनाबद्दल तक्रार नाही. भरलेली गाडी चढाला रडत नाही, क्लच अजून मूळचाच आहे आणि हौद्याची उंची हमालांच्या खांद्याला सोयीची पडते. तक्रार आहे ती ‘1.7 टन’ या आकड्याबद्दल, म्हणजे तो आकडा ज्या पद्धतीने सांगून गाडी विकली जाते त्याबद्दल. विक्रेत्याचे नाव देत नाही, कारण असा हिशेब सांगणारा तो एकटाच नव्हे.

शोरूममध्ये सांगण्यात आले की 50 किलोची 34 पोती निर्धास्त भरा. आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन 1,780 किलो आणि मालासह कमाल वजन 3,480 किलो असल्यामुळे वजाबाकी बरोबर 1,700 येते, आणि मीही त्यावर विश्वास ठेवला. पण 1,780 हे वजन कारखान्यातून निघालेल्या गाडीचे आहे. त्यानंतर मी हौद्यावर द्राक्षांच्या क्रेटसाठी उंच लोखंडी जाळी बसवली, तळाला जाड पत्रा टाकला, पुढे गार्ड आणि केबिनवर कॅरियर लावला. ताडपत्री, दोर आणि जॅक तर कायमचेच. पहिला हंगाम संपल्यावर टाकी भरून, कोणीही आत न बसता, गाडीचा रिकामा काटा केला तेव्हा पावतीवर 1,960 किलो आले. ड्रायव्हर आणि दोन हमाल मिळून 205 किलो. राहिले 1,315. बारदानासह पोते 51 किलोचे धरले तर 25 पोती बसतात. शोरूमच्या हिशेबापेक्षा नऊ कमी. कायद्याच्या दृष्टीने मर्यादा आहे ती आरसीवरच्या 3,480 ची, ‘1.7 टन’ची नव्हे. त्या मर्यादेत गाडी, डिझेल, माणसे आणि माल असे सगळेच मोजले जाते.

‘दोन जादा पाटे टाका, मग अडीच टन भरा’ हा सल्ला यार्डात कोणीही देतो. पाट्याने, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या जादा पट्ट्यांनी, गाडी मागे बसत नाही एवढेच होते. आरसीवरचा आकडा त्यामुळे वाढत नाही आणि ब्रेक, हब व एक्सल होते तेच राहतात. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. रात्री रस्त्याच्या कडेला दुसरी गाडी शोधून पोती हलवण्याचा खर्च एकदा मनात आणला, की सल्ला देणाऱ्याचा चहा कडू लागतो.

एकूण वजन मर्यादेत असले म्हणजे झाले, असेही नाही. एकदा रत्नागिरीला बेदाण्याच्या पेट्या नेताना बाजूचा फाळका उघडून पुढच्या पेट्या मलकापुरात उतरवल्या आणि मागच्या जागेवरच राहू दिल्या. माल कमी झाला होता, तरी आंबा घाटाच्या उतारावर स्टिअरिंग अनोळखी इतके हलके लागू लागले, कारण उरलेला भार मागच्या चाकांच्याही मागे होता आणि पुढची चाके जमिनीला जेमतेम धरून होती. साखरप्याला पोहोचताच पेट्या केबिनच्या भिंतीला लावून घेतल्या.

तेव्हापासून भरलेल्या गाडीची फक्त मागची चाके काट्यावर घेऊन वेगळी पावती करून घेतो. काटेवाला आधी कुरकुरतो, पण करून देतो. ती 2,140 किलोची निघाली आणि त्याच पावतीने मला टायरच्या दुकानातल्या एका चुकीतून वाचवले. मूळ टायरच्या बाजूवर मापानंतर 112 हा आकडा आहे. त्याचा अर्थ पूर्ण हवा असताना एका टायरला 1,120 किलो, म्हणजे मागच्या दोघांना मिळून 2,240. दुकानदार स्वस्तात देत होता त्या टायरवर 100 होते, म्हणजे एकाला 800 आणि दोघांना 1,600 किलो. माप तेच, नक्षीही छान, आणि दुकानदाराला त्या आकड्याचा अर्थ ठाऊकच नव्हता.

गाडी विकण्याचा माझा विचार नाही. दुसऱ्यांदा घ्यायची वेळ आली तरी मी हीच घेईन, मात्र जाळी काढता-घालता येईल अशी पहिल्या दिवसापासूनच करून घेईन. सध्याची जाळी वेल्डिंग केलेली होती. ती कापून नटबोल्टवर घेतली तेव्हा तिचे वजन 70 किलो भरले. द्राक्षांच्या दिवसांत ती चढते, हळदीच्या हंगामात उतरते आणि तेव्हा 27 पोती बसतात.