विकतचा अँटिव्हायरस काढला, त्याला दहा महिने झाले

फेब्रुवारीत बँकेचा मेसेज आला: उद्या तुमच्या कार्डावरून 2,499 रुपये कापले जाणार आहेत. कशाचे म्हणून बघितलं, तर कॉम्प्युटरच्या अँटिव्हायरसचे. हाच संच मागच्या वर्षी मी 899 ला घेतला होता. पहिल्या वर्षी सवलत, दुसऱ्या वर्षी पूर्ण दर, आणि आपोआप नूतनीकरणाची खूण आधीच केलेली. ती काढायचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. कार्डावरून असे पैसे कापण्याआधी 24 तास कळवायचं हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, म्हणून वाचले. मँडेट, म्हणजे बँकेला दिलेली आपोआप कापण्याची परवानगी, रद्द केलं आणि मग प्रश्न पडला, की आता घालायचं काय?

आमचा कॉम्प्युटर म्हणजे धर्मशाळा आहे. मी सांगलीत घरूनच जीएसटीचे रिटर्न भरते, त्यामुळे दिवसभर टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल. दुपारी सासरे, म्हणजे नाना, त्यावर अभंग आणि पंचांग बघतात. रात्री चिरंजीव गेम खेळतात. मशीन 2018 सालचं, प्रोसेसर आय-थ्री, आठव्या पिढीचा, 8 जीबी रॅम. आणि महिन्याच्या 11 तारखेच्या, म्हणजे रिटर्नच्या मुदतीच्या, आधी मार्केट यार्डातले दिवाणजी हिशेबाचा पेन ड्राइव्ह घेऊन दारात.

आधी त्या विकतच्या संचाबद्दल, कारण वर्षभर वापरलाय. नाव घेत नाही. व्हायरस पकडण्यात तो वाईट नव्हता, पण त्याच्यासोबत आलेला गोतावळा फार होता: व्हीपीएन (नेटवरची आपली ये-जा झाकणारं), पासवर्ड सांभाळणारं, कॉम्प्युटर ‘साफ’ करणारं. दर दोन दिवसांनी खाली उजव्या कोपऱ्यात खिडकी यायची की तुमच्या मशीनमध्ये 412 अनावश्यक गोष्टी सापडल्या, काढायच्या तर वरचा प्लॅन घ्या. घाबरवून गिऱ्हाईक करायचं हे तंत्र व्हायरसवाल्यांचं आणि यांचं सारखंच वाटायला लागलं होतं.

खरा वैताग फायरवॉलचा, म्हणजे नेटवरून आत-बाहेर करणाऱ्यांवर पहारा ठेवणाऱ्या भागाचा, झाला. डिजिटल सही ज्या पेन ड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते, त्याचं एक छोटं सॉफ्टवेअर असतं. ते आपल्याच कॉम्प्युटरमध्ये एक दार उघडून ब्राउझरशी बोलतं आणि सही उमटवतं. एका अपडेटनंतर संचाने ते दारच बंद केलं. 20 तारीख, महिन्याच्या दुसऱ्या रिटर्नचा शेवटचा दिवस, संध्याकाळचे सहा, तीन रिटर्न बाकी आणि पोर्टल म्हणतंय की सहीचं सॉफ्टवेअर चालू नाही. मी दोनदा टोकन बदलून पाहिलं, पोर्टलला शिव्या घातल्या, एकदा सगळं काढून पुन्हा टाकलं. शेवटी संचाची फायरवॉल दहा मिनिटं थांबवली आणि सही लगेच झाली. मदत केंद्राला कळवलं, तर त्यांचं उत्तर आठव्या दिवशी आलं.

मेसेज आल्यावर ठरवलं की विंडोजमध्ये आधीपासून आहे तेवढ्यावरच काही महिने काढून बघू. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर म्हणजे दात नसलेला वाघ, असं माझंही मत होतं, पण ते जुन्या काळातलं. 2012 च्या विंडोज 8 पासून तो पूर्ण अँटिव्हायरस म्हणून येतो. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरातली सुलभता यांना प्रत्येकी 6 गुण देते. तिथे गेली काही वर्षं तो विकतच्यांच्या पंगतीत बसतो. एक खोट आहे. इंटरनेट नसताना त्याची पकड सैल होते, कारण त्याची बरीचशी अक्कल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते. आमच्याकडे लाइट गेली की राउटरही जातो, पण तेव्हा कॉम्प्युटरही बंदच असतो.

आपल्या भागात लगेच विचारतात, ‘मग आपला क्विक हील का नाही?’ पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी आणि त्यांच्या भावाने उभी केलेली कंपनी, त्याचं कौतुक मलाही आहे. माझा आधीचा संच त्यांचा नव्हता, हेही सांगून टाकते. पण मला या वेळी विकत काहीच घ्यायचं नव्हतं. फुकटातल्यांबद्दल म्हणाल, तर अवास्टने लोकांच्या ब्राउझिंगची माहिती आपल्याच उपकंपनीमार्फत विकली म्हणून 2024 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिच्याकडून 1 कोटी 65 लाख डॉलर वसूल करायचं ठरवलं. कुंपणानेच शेत खाल्लं. तेव्हापासून फुकटच्या राखणदाराचं पोट कशावर चालतं, हे मी आधी बघते.

संच काढणं हाही एक सोहळाच. नेहमीच्या पद्धतीने काढला तरी त्याचे काही तुकडे मागे राहिले आणि डिफेंडर जागा होईना. एकाच मशीनवर दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत म्हणून दुसरा दिसला की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो, आणि त्या तुकड्यांमुळे त्याला वाटत होतं की पाहुणे अजून घरातच आहेत. बहुतेक कंपन्यांचं काढून टाकायचं वेगळं टूल त्यांच्याच साइटवर असतं. ते चालवलं, रीस्टार्ट केलं, मग हिरवी खूण आली.

पहिला महिना इतका शांत गेला की मी भावाला फोन करून सांगितलं, उगाच पैसे घातले वर्षभर. मग एका रविवारी सहज चाचणी करावी म्हटलं. आयकार नावाची 68 अक्षरांची एक ओळ असते. निरुपद्रवी, पण सगळे अँटिव्हायरस तिला व्हायरस समजून ओरडायचं असा संकेत आहे. नोटपॅडमध्ये ती ओळ टाकून डेस्कटॉपवर सेव्ह केली. डिफेंडर गप्प. पुन्हा केली, तरी गप्प. हिरवी खूण तशीच!

शोधता शोधता सेटिंगमधल्या ‘एक्स्क्लूजन्स’ या पानावर पोचले. ज्या जागा तपासायच्या नाहीत त्यांची ती यादी असते. यादीत एकच नोंद होती: अख्खा सी ड्राइव्ह. म्हणजे राखणदार दारावर उभा, पण त्याला सांगून ठेवलेलं की आत बघायचं नाही. 2022 मध्ये मशीन फॉरमॅट करायला आलेल्या कॉम्प्युटरवाल्याचा हा उद्योग. त्याने ‘मॅडम, ऑफिस फ्रीमध्ये टाकून दिलंय’ म्हटलं होतं, ते टिकावं म्हणून त्याने डिफेंडरचे डोळे बांधले होते. विकतच्या संचानेही मध्ये एकदा आरडाओरडा केला होता. तेव्हा मी कॉम्प्युटरवाल्याला फोन केला, तर म्हणाला, ‘त्याला इग्नोर करा.’ मी केलं!

नोंद काढली, पूर्ण तपासणी लावली. अडीच तासांनी निकाल: ऑफिस फुकट चालवणारं ऑटोकेएमएस नावाचं हॅकटूल, आणि ब्राउझरमध्ये जाहिराती घुसवणारं एक बांडगूळ. लोकांना कर बुडवू नका म्हणून सांगणारी मी, आणि माझंच एक्सेल चोरीचं. दुसऱ्या दिवशी रीतसर ऑफिस घेतलं. संचाच्या नूतनीकरणाचे वाचलेले पैसे तिकडे गेले, वर पदरचे घातले ते वेगळे. आयकारची ओळ पुन्हा सेव्ह केली, तेव्हा क्षणात उचलली गेली.

त्याच दिवशी फायरवॉलचं पान उघडलं, तर तीही बंद. घरच्या लॅपटॉपवरून टॅलीचा डेटा उघडत नव्हता तेव्हा त्याच गृहस्थांनी सरसकट बंद करून टाकली होती. मध्ये वर्षभर संचाची फायरवॉल होती म्हणून कळलं नाही, आणि संच काढल्यानंतरचा महिना फक्त राउटरच्या आडोशाने गेला. खरं कारण फुटकळ होतं. घरचं वाय-फाय विंडोजने ‘पब्लिक’ धरलं होतं, आणि पब्लिक नेटवर्कवर आपलं मशीन शेजारच्या मशीनला ओळख देत नाही. ‘प्रायव्हेट’ केलं, फायरवॉल चालू केली, डेटा उघडला. पाऊण मिनिटाचं काम.

विंडोजची फायरवॉल 2004 मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून मुळातच चालू येते. बाहेरून न बोलावता येणाऱ्याला ती अडवते, पण आतून बाहेर जाणाऱ्याला बहुतेक विचारत नाही. हा तिचा दोष म्हणून सांगतात. म्हणून मी तीन आठवडे आतून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करणारी एक वेगळी फायरवॉल लावून बघितली. दर पाच मिनिटांनी प्रश्न: एसव्हीसीहोस्टला बाहेर जाऊ द्यायचं का? आता एसव्हीसीहोस्ट हा विंडोजचाच एक भाग, हे नानांना काय माहीत? त्यांनी एका दुपारी ओळीने ‘नाही’ दाबलं आणि विंडोज अपडेटच बंद पडलं. ज्याला वेळ आणि हौस आहे त्याने ती जरूर लावावी. आमच्या घरात तिचा निभाव लागला नाही.

नानांची आणखी एक गोष्ट. जूनमध्ये ते घाबरून स्वयंपाकघरात आले, ‘अगं, पाच व्हायरस आलेत म्हणतोय, नंबरही दिलाय फोन करायला.’ खाली कोपऱ्यात नामांकित कंपनीच्या बोधचिन्हासकट लाल खिडकी. डिफेंडर चाळला, काही नाही. ते आलं होतं ब्राउझरच्या नोटिफिकेशनमधून. अभंगांच्या कुठल्याशा साइटने ‘अलाऊ’ विचारलं आणि नानांनी दिलं. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी असलेल्या साइटची यादी होती, चौदा नावं. सगळी उडवली आणि परवानगी विचारणंच बंद केलं. नानांनी तो नंबर लावला असता, तर पलीकडच्याने मशीन दुरून हाताळायला मागितलं असतं. त्यानंतर 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवलाय.

दिवाणजींचं प्रकरण जुनंच आहे. हळदीच्या पेढीवरचे एक दिवाणजी येताना वाटेत झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून येतात. पेन ड्राइव्ह उघडला की टॅलीच्या फोल्डरच्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट. ‘बाई, सकाळपर्यंत नीट होतं बघा.’ मूळ फोल्डर तिथेच असतो, फक्त लपवलेला, आणि शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की किडा आपल्याकडे. या दहा महिन्यांत डिफेंडरने असे चार पकडले, पेन ड्राइव्ह लावून एक्सप्लोरर उघडताक्षणीच. लपवलेला फोल्डर मात्र तो परत दाखवत नाही, त्यासाठी डॉसच्या जमान्यातली अ‍ॅट्रिबची आज्ञा मीच द्यायची. आता दिवाणजींना बॅकअप मेलवर पाठवायला शिकवलंय. चारपैकी एकदा पाठवतात.

दोन गोष्टी मुद्दाम चालू कराव्या लागतात. पहिली, कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस. रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद करू नयेत म्हणून ही सोय आहे, पण ती बंद अवस्थेत येते. माझा टॅलीचा डेटा डी ड्राइव्हवर, म्हणून तो फोल्डर हाताने जोडावा लागला. मग टॅलीलाच लिहू देईना, म्हणून टॅलीला परवानगी. पहिला आठवडा चिडचिडीचा गेला. दुसरी, नाना आणि चिरंजीवांची खाती साधी केली, अ‍ॅडमिनचा अधिकार फक्त माझ्याकडे. ‘आई, पिन टाक ना, गेमचा मोड आहे फक्त.’ कुठून घेतलास ते दाखव म्हटलं की निम्म्या वेळा विषय तिथेच संपतो.

डिफेंडर हलका आहे असं मात्र मी म्हणणार नाही. जुन्या हार्ड डिस्कवर त्याची तपासणी चालू झाली की टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के आणि टॅलीत एक व्हाउचर चढवायला मिनिटभर. तपासणी दुपारी दीडला लावून बघितली, जेवायच्या वेळेला, पण तेवढ्याने भागलं नाही. जुलैमध्ये एसएसडी (जास्त वेगाची डिस्क) बसवली तेव्हा प्रश्न मिटला. सोबत 1 टीबीची बाहेरची डिस्क घेतली, तिच्यावर दर शनिवारी बॅकअप, आणि झाला की केबल काढून कपाटात. जोडलेली ठेवली तर रॅन्समवेअर तिच्यावरही हात मारतं.

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा पाठिंबा संपला (14 तारखेला), म्हणून मशीन विंडोज 11 वर नेलं. आठवी पिढी असल्यामुळे ते कसंबसं चाळणीतून सुटलं. यांचा लॅपटॉप सातव्या पिढीचा, तो अडकला. डिफेंडरच्या व्याख्या (नव्या व्हायरसांच्या ओळखीच्या खुणा) विंडोज 10 ला ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळणार आहेत, म्हणून हे निवांत होते. पण व्याख्या येणं वेगळं आणि विंडोजची भोकं बुजणं वेगळं. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर पसरलं, तेव्हा ते ज्या भोकातून शिरत होतं त्याचं ठिगळ मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी लावलं नव्हतं, ते सापडले. मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी सेटिंग्ज जोडून ठेवल्या तर वाढीव सुरक्षा अपडेट पैसे न देता मिळतात, ती नोंदणी करून टाकली. 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत चालेल. त्यानंतर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं की नवा घ्यायचा, हे ठरायचंय. नानांचं मत नवा घ्यावा असं आहे, मोठ्या स्क्रीनचा.