अँटीव्हायरस अकरा महिने वापरला, काढायला तीन रविवार गेले

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दिवाळीत बाबांचा डेस्कटॉप फॉरमॅट करून आणला, तेव्हा दुकानदाराने ‘तीन युजर, एक वर्ष’वालं खोकं बिलातच धरलं होतं. एक लायसन्स साताऱ्याला बाबांच्या डेस्कटॉपवर, दुसरं पुण्यात माझ्या लॅपटॉपवर, तिसरं आईच्या फोनवर. दोन्ही मशीनवर विंडोज १०.

वापरताना कसा होता? वाईट नव्हता. झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हवरचा शॉर्टकट व्हायरस त्याने दोनदा धरला, हे मान्य. पण बाबांच्या मशीनला ४ जीबी रॅम आणि जुनी हार्डडिस्क. सकाळी बटण दाबायचं, चहा टाकायचा, चहा पिऊन झाला की सोसायटीच्या हिशोबाची एक्सेल उघडायची, असा क्रम ठरून गेला होता. नवव्या महिन्यापासून कोपऱ्यातून खिडक्या वर यायला लागल्या: मुदत संपतेय, हे घ्या, ते घ्या, कचरा साठलाय. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा पुरता अँटीव्हायरस म्हणून विंडोजमध्येच येतो. घरच्या कामाला तेवढा पुरे, म्हणून हा काढायचं ठरवलं.

पहिला रविवार. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, तिथे नाव, अनइन्स्टॉल. आधी सवलतीची विनवणी. मग ‘लायसन्स आणि सेटिंग्ज पुढच्या वेळेसाठी ठेवायची का’, तिथे टिक आधीच केलेली. मग चित्रातली वेडीवाकडी अक्षरं टाइप करा. शेवटी ‘आता रीस्टार्ट करा’ की ‘नंतर’. बाबांची एक्सेल उघडी होती, मी ‘नंतर’ दाबलं आणि संध्याकाळच्या गाडीने पुण्याला आलो.

आठवडाभर बाबांचा फोन: “अरे, ते गेलंच नाहीये.” खाली घड्याळाजवळचं चिन्ह गेलं होतं, पण विंडोज सिक्युरिटीमध्ये अजून त्याच कंपनीचं नाव आणि डिफेंडर बंद. मी म्हणालो, मशीन बंद करून चालू करा. ते म्हणाले, “रोज रात्री बंदच करतो की.”

इथेच सगळी गोम होती, आणि मला ती कळायला आठ दिवस लागले. विंडोज १० मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ असतं. ‘शट डाऊन’ केलं तरी विंडोजचा गाभा खऱ्या अर्थाने बंद होत नाही. तो डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तसाच उचलला जातो. अँटीव्हायरसचे ड्रायव्हर म्हणजे त्या गाभ्यात बसणारे त्याचे तुकडे; वापरात असलेल्या त्यांच्या फायली मात्र नव्याने बूट होतानाच पुसल्या जातात. म्हणजे बाबा रोज रात्री अँटीव्हायरसला झोपवत होते आणि सकाळी उठवत होते. ‘रीस्टार्ट’च करायला हवं होतं. त्या खिडकीत ‘नंतर’ या बटणाशेजारी हे एका ओळीत लिहायला काय जात होतं?

दुसऱ्या रविवारी जाऊन रीस्टार्ट केला. नाव गेलं आणि त्याच्याबरोबर इंटरनेटही गेलं. राऊटरचे दिवे लागलेले, आईच्या फोनवर नेट चालू, डेस्कटॉपवर एक पान उघडेना. केबल बदलून पाहिली, राऊटर बंद-चालू केला. शेवटी नेटवर्क अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलो. तिथे एक यादी असते, प्रत्येक ओळीपुढे टिक. त्यात कंपनीच्या नावाची एक ओळ शाबूत. येणारंजाणारं सगळं तपासायला यांनी मधे फिल्टर बसवलेला असतो. तपासणारा गेला, नाका तसाच उभा. टिक काढली, ओके केलं, नेट सुरू.

मग संशय आला. कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची काळी खिडकी) ‘अ‍ॅडमिन’ म्हणून उघडून एफ-एल-टी-एम-सी ही पाच अक्षरं टाइप केली. फायलींच्या वाटेवर बसलेल्या सगळ्या फिल्टर ड्रायव्हरची यादी येते, प्रत्येकापुढे वाटेवरची त्याची जागा सांगणारा एक आकडा. अँटीव्हायरसवाल्यांसाठी ३,२०,००० ते ३,२९,९९८ हा पट्टा राखून ठेवलेला आहे. डिफेंडरचा आकडा ३,२८,०१०. त्याच पट्ट्यात हे महाशय अजून बसलेले.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने. व्हायरसला सहज उपटता येऊ नये म्हणून अँटीव्हायरस स्वतःची राखण करतो आणि विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतो. तिथे काही बिघडलं की काय होतं ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं: क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षेच्या कंपनीच्या एका चुकलेल्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बसली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हा काढणं थोडं अवघड असणार, हे समजू शकतो. पण सवलतीच्या खिडक्या आणि आधीच केलेली टिक यांचा त्या राखणीशी काय संबंध?

तिसऱ्या रविवारी कंपनीचंच रिमूव्हल टूल उतरवून घेतलं. बहुतेक कंपन्यांचं असं टूल असतं, फक्त ते शोधावं लागतं. तिऱ्हाईत साइटवरून घेऊ नका. शिफ्ट दाबून रीस्टार्ट, मग स्टार्टअप सेटिंग्ज, मग ४ दाबून सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरतंच चालू होणारं विंडोज. तिथे पिन चालेना, पासवर्ड मागितला. तो बाबांच्या डायरीत, एलआयसीच्या हप्त्यांच्या पानावर, पेन्सिलीने. डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेली असेल तर ती उघडायची रिकव्हरी कीसुद्धा आधी हाताशी ठेवा. आणि नेहमीचं अनइन्स्टॉल आधी साध्या मोडमध्येच करून घ्या. विंडोजची इन्स्टॉलर सेवा सेफ मोडमध्ये सहसा चालत नाही.

टूल चाललं, रीस्टार्ट झाला, डिफेंडर आपोआप सुरू झाला. माझ्या लॅपटॉपवर शहाणा होऊन हेच सगळं केलं, चाळीस मिनिटांत संपलं. आईच्या फोनवर अनइन्स्टॉलचं बटणच दबत नव्हतं. सिक्युरिटीत जाऊन ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ची परवानगी काढली, मग गेलं.

तरी बाबांना ‘तुमचा पीसी धोक्यात’ असे संदेश येतच होते, तेही त्याच कंपनीच्या चिन्हासह. ते कंपनीचे नव्हतेच. कुठल्याशा साइटला क्रोममध्ये नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली होती, ती काढल्यावर थांबले.

पाचापैकी गुण: व्हायरस धरण्याला साडेतीन, निरोप घेण्याला अर्धा. बाबांची एक्सेल आता चहा उकळायच्या आत उघडते. विंडोजच्या प्रोग्रॅमडेटा या फोल्डरमध्ये कंपनीच्या नावाचं एक रिकामं फोल्डर अजून आहे. पुसायला गेलं की परवानगी नाही म्हणतं. राहू दे.