बटणाचा क्लिकर: मदतनीस कुत्रा शिकवताना हातात कोणता असावा

क्लिकर म्हणजे दाबल्यावर ‘टिक’ वाजणारं मुठीत मावणारं साधन; कुत्र्याने बरोबर केलं त्याच क्षणी ते वाजवायचं आणि मग खाऊ द्यायचा. क्लिकर बाजारात दोन तऱ्हेचे मिळतात. एक जुना, डबीचा. त्यात प्लास्टिकच्या चौकोनी डबीत पोलादी पट्टी असते आणि अंगठ्याने थेट ती पट्टीच दाबायची. दुसरा बटणाचा: पट्टी आत झाकलेली आणि वर उठावाचं गोल बटण. साधे क्लिकर दोनशे रुपयांच्या आत येतात. घरच्या कुत्र्याला ‘बस’ शिकवायचं असेल तर कुठलाही चालेल. व्हीलचेअरवरच्या माणसाला खाली पडलेली किल्ली उचलून देणारा कुत्रा तयार करायचा असेल, तर मात्र बटणाचाच घ्यावा.

पहिलं कारण आवाज. डबीचा ‘टिक-टॉक’ खणखणीत असतो. मोकळ्या मैदानावर तो बरा, पण मदतनीस कुत्र्याचं बरंचसं शिक्षण माणसाच्या मांडीपाशी, कानापासून वीतभर अंतरावर चालतं. हळव्या स्वभावाचा लॅब्रॅडॉर तिथे कान पाडून मागे सरतो आणि मग क्लिक हे बक्षीस न राहता धाक होऊन बसतं. डबीचा आधीच घेतला असेल, तर पट्टीवर चिकटपट्टीचे दोन थर लावा; आवाज उतरतो.

दुसरं कारण हात. इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ असिस्टन्स डॉग पार्टनर्सने घालून दिलेला किमान दंडक सहा महिन्यांत 120 तासांचा आहे, त्यातले निदान 30 तास सार्वजनिक ठिकाणी. एवढा वेळ कडक पट्टी दाबून अंगठा दुखतो. ज्याच्यासाठी कुत्रा शिकतोय त्याच्याच बोटांत जोर नसेल, तर बटणाचा क्लिकर व्हीलचेअरच्या ट्रेवर चिकटवून तळहाताच्या कडेने दाबता येतो. डबीच्या क्लिकरचं हे काम नाही.

आता वापर. सुरुवातीला काहीही न सांगता क्लिक करायचं आणि लगेच खाऊ द्यायचा, असं 15 ते 20 वेळा. आवाज झाल्याबरोबर कुत्रा खाऊसाठी वळून पाहू लागला की अर्थ पोचला. खाऊ मटाराच्या दाण्याएवढाच हवा: मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेलं चिकन किंवा पनीर. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याला विषारी, ती अजिबात नकोत. दिवसभराचा खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्यापुढे जाऊ देऊ नये आणि धडा तीन ते पाच मिनिटांत आटपावा.

किल्ली उचलायला शिकवताना क्लिकरचा कस लागतो. धातू दातांना लागला की बरेच कुत्रे तो लगेच टाकतात, म्हणून आधी किल्लीला जाड सुती कापडाची पट्टी बांधा. मग टप्पे: पाहिलं, क्लिक, नाक लावलं, क्लिक, तोंड उघडून कापड धरलं, क्लिक. पुढे एक सेकंद धरणं, मग तीन, मग पाच. दहापैकी आठ वेळा जमल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. सलग तीनदा चुकला, तर एक पायरी खाली उतरा. रागावण्याने इथे काहीच साधत नाही, उलट कुत्रा वस्तूजवळ जायलाच कचरतो.

चुका बहुतेक इथेच होतात. क्लिक ऐकलं की कुत्र्याच्या लेखी काम संपलं. त्यामुळे किल्ली तोंडातून सुटताना क्लिक झालं, तर तो टाकायला शिकतो, धरायला नाही. ती तुमच्या तळहातावर टेकलेली आणि अजून त्याच्या दातांत आहे, नेमकं तेव्हा क्लिक करायचं. दुसरी चूक कमरेच्या खाऊच्या पाऊचची: क्लिकच्या आधीच हात पाऊचकडे गेला, तर कुत्रा आवाज सोडून हाताकडे बघत राहतो. हात पोटाशी स्थिर, आधी क्लिक, मग हात हलवायचा. आणि चुकून वाजलं तरी खाऊ द्यायचाच, नाहीतर आवाजाची पत जाते.

बटणाच्या क्लिकरची खोड हीच, की खिशात तो आपोआप दाबला जातो. म्हणून तो खिशात न ठेवता मनगटाला अडकवावा. पावसाळ्यात आतली पट्टी गंजून आवाज बसतो, शिवाय पनीरची ओली बोटं लागतातच. रोज पुसा आणि एक जादा घेऊन ठेवा.

लोकलचा फलाट, गणपतीतले ढोल, भाजीबाजार इथे कुठलाच क्लिकर धड ऐकू येत नाही. तिथे जाण्याआधी घरीच एक शब्द याच रीतीने पक्का करून घ्यावा. ‘शाब्बास’ किंवा ‘हां’ नको, ते घरात दिवसभर कानांवर पडतात. ‘टिप’सारखा छोटा, एरवी कुणी न उच्चारणारा शब्द घ्या आणि दर वेळी एकाच सुरात म्हणा. किल्ली उचलणं अंगवळणी पडलं की त्या कामापुरता क्लिकर कपाटात जाऊ द्या आणि पुढचं नवं काम, मग ते दार ओढणं असो की दिव्याचं बटण दाबणं, सुरू करताना पुन्हा बाहेर काढा.