ईथर की एमटीबीई? निष्कर्षणासाठी द्रावक निवडताना

पाण्याच्या थरातून सेंद्रिय पदार्थ ओढून घ्यायचा, थर वेगळा करायचा, सुकवायचा, गाळायचा आणि शेवटी द्रावक उडवून टाकायचा. या रोजच्या कामासाठी डायइथाइल ईथर (पुढे नुसते ‘ईथर’) वापरावे की मिथाइल टर्ट-ब्युटाइल ईथर, म्हणजे एमटीबीई, असा प्रश्न असेल तर दोन्ही बाजूंनी बोलता येते. माझा कल एमटीबीईकडे आहे आणि त्याचे खरे कारण बहुतेक तुलनांमध्ये शेवटच्या ओळीतही येत नाही. ते पुढे सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. ईथर ज्वालाग्राही आणि एमटीबीई ‘जरा बरे’ असे म्हटले जाते, पण सांडल्यावर किती हवा पेट घेण्याजोगी होते हे पाहिले तर दोघांत फरक जवळपास नाही. १०० मिलिलिटर ईथर पूर्ण उडाले तर त्याची सुमारे २३ लिटर वाफ होते, आणि ज्वलनाची खालची मर्यादा (हवा पेट घेण्यासाठी तिच्यात लागणारे वाफेचे किमान प्रमाण) १.९ टक्के धरली तर सव्वा घनमीटरच्या आसपास हवा धोकादायक होते. तेवढ्याच एमटीबीईची वाफ थोडी कमी, पण त्याची खालची मर्यादाही कमी, १.६ टक्क्यांच्या आसपास. हिशेब पुन्हा सव्वा घनमीटरवरच येतो. दोघांचीही वाफ हवेपेक्षा जड असते, ओट्यावरून घरंगळत खाली उतरते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचून ज्वाला मागे बाटलीपर्यंत आणू शकते. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, ईथरचा −४५ आणि एमटीबीईचा −२८ अंश सेल्सियस. खोलीत दोन्ही सारखेच पेटणारे. त्यामुळे ‘एमटीबीई आहे, बर्नर चालेल’ असे कुणी म्हणू नये.

फरक पडतो तो कशाने पेटते आणि किती वेगाने उडते या दोन बाबतींत. ईथरचे स्वयंप्रज्वलन तापमान (ठिणगीविना नुसत्या उष्णतेने पेटण्याचे) १६० ते १८० अंश, एमटीबीईचे ३७० अंशांच्या वर. म्हणजे ईथरला ज्वाला लागतच नाही. तेलाचे पात्र गरम करून नुकतीच बंद केलेली हॉट प्लेट पुरते. दिवा विझलेला असतो, पृष्ठभाग मात्र अजून दोनशेच्या वर असू शकतो. एमटीबीईला तीच प्लेट बहुधा पेटवणार नाही. हीट गन मात्र दोघांनाही पेटवते, तिथे सवलत नाही. साध्या घरगुती फ्रिजमध्येही दोन्ही ठेवू नयेत. थर्मोस्टॅटची ठिणगी आत पडते आणि ४ अंशांना दोघांचीही पुरेशी वाफ तयार होते. ठिणगीरहित फ्रिज नसेल तर ज्वालाग्राही द्रव्यांचे कपाट बरे.

सेपरेटिंग फनेल, म्हणजे थर वेगळे करायचे तोटीचे भांडे, हातात घेतले की उकळण्याच्या तापमानातला फरक बोटांना कळतो. ईथर ३४.६ अंशांना उकळते, म्हणजे तळहाताच्या उबेनेच आत दाब वाढू लागतो. अभिक्रिया मिश्रण २० अंशांच्या खाली आणल्याशिवाय ईथर ओतू नये. आधी बूच न लावता फनेल हलकेच गोल फिरवावे, मग बूच दाबून धरून एकदाच उलटे करावे आणि नळी फ्युम हूडच्या (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाच्या) मागच्या भिंतीकडे रोखून तोटी उघडावी. दोन-तीनदा असे केल्यावरच जोराने हलवावे. बायकार्बोनेटच्या धुण्यात कार्बन डायऑक्साइडची भर पडते, म्हणून तिथे दुप्पट सावध राहावे. एमटीबीईचा उत्कलनबिंदू ५५ अंश. वायू सोडावाच लागतो, पण बूच उडण्याची धास्ती बरीच कमी. पाण्यात ईथर सुमारे ७ टक्के विरघळते, एमटीबीई ४ ते ५ टक्के. संपृक्त मिठाच्या पाण्याने धुतले की हा फरक नगण्य होतो.

पेरॉक्साइडबद्दल, म्हणजे हवेच्या संपर्कात ईथरमध्ये साठत जाणाऱ्या स्फोटक संयुगांबद्दल, बरेच जण जाणतात, म्हणून थोडक्यात. ईथरच्या बाटलीवर आल्याची आणि उघडल्याची तारीख लिहावी, उघडल्यावर दर तीन महिन्यांनी चाचणी करावी आणि ऊर्ध्वपातनाआधी हमखास करावी. चाचणीची पट्टी नसेल तर १ मिलिलिटर हिमस्वरूप ॲसिटिक आम्लात चिमूटभर, सुमारे १०० मिलिग्रॅम, पोटॅशियम आयोडाइड घालून त्यात १ मिलिलिटर ईथर टाकावे. फिकट पिवळे दिसले तर थोडे पेरॉक्साइड आहे, तपकिरी झाले तर जास्त. १०० पीपीएमच्या (दहा लाखांत १०० भाग) वर असेल तर बाटली विल्हेवाटीकडे जावी. ऊर्ध्वपातन केले की बीएचटी हा स्थिरकारक मागेच राहतो. ताजे शुद्ध ईथर त्यामुळे बाटलीतल्या ईथरपेक्षा लवकर बिघडते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ऊर्ध्वपातनाचे पात्र कधीही कोरडे पडू देऊ नये, पाचवा हिस्सा मागे ठेवावा. बुचाभोवती किंवा तळाशी स्फटिक दिसले तर बूच फिरवायचे नाही, बाटली हलवायची नाही. सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवायचे. एमटीबीईत पेरॉक्साइड फारच सावकाश बनतात, कारण ऑक्सिजनच्या एका बाजूच्या कार्बनवर हायड्रोजनच नसतो. एवढ्याने सूट मिळत नाही, पण काळजीचे वेळापत्रक सैल होते. पेरॉक्साइड झपाट्याने बनवणारे डायआयसोप्रोपाइल ईथर या तुलनेत मुद्दाम घेतले नाही. त्याचे नाव निघाले तर नको म्हणावे, विषय संपला.

आता एमटीबीईकडे कल असण्याचे ते कारण: रोटाव्हॅप, म्हणजे फिरत्या फ्लास्कमधून कमी दाबाखाली द्रावक उडवून कंडेन्सरवर परत जमवणारे यंत्र.

ईथर रोटाव्हॅपवर उडते, त्यात अडचण नाही. ते पलीकडे थांबत नाही, ही अडचण आहे. २० अंशांना ईथरचा बाष्पदाब सुमारे ५९० मिलीबार असतो. कंडेन्सरमधून नळाचे २० अंशांचे पाणी जात असेल, तर दाब ५९० च्या खाली नेताच कंडेन्सरवर एक थेंबही जमणार नाही. सगळे ईथर पंपातून जाते, आणि पंपाची नळी हूडमध्ये सोडलेली नसेल तर खोलीत येते. शिवाय हा पंप विजेवर चालतो आणि ओट्याखाली असतो, जिथे जड वाफ साठते. उन्हाळ्यात नळाचे पाणी २८ अंशांचे झाले की ईथरसाठी कंडेन्सर असून नसल्यासारखा. दाब ८५० मिलीबारच्या आसपास, गरम पाण्याचे पात्र ५० अंशांना आणि कंडेन्सरमध्ये १० अंशांहून थंड द्रव अशी मांडणी केली तर ईथर नीट जमते, पण त्यासाठी चिलर (द्रव थंड करून फिरवणारे यंत्र) लागतो किंवा कोरड्या बर्फाचा कंडेन्सर. तो मोकळा असेल तर प्रश्न नाही. बहुधा तो दुसऱ्या कुणाकडे असतो.

एमटीबीईचा बाष्पदाब २० अंशांना २७० मिलीबारच्या आसपास, आणि ४० अंशांना ते सुमारे ६०० मिलीबारवर उकळते. दाब ६०० वर ठेवला, पात्र ५० ते ६० अंशांवर, तर त्याच नळाच्या पाण्यावर जवळजवळ सगळे एमटीबीई खालच्या फ्लास्कमध्ये उतरते. मोजमाप म्हणून मी एवढेच सांगू शकतो: एमटीबीई वापरताना जमा झालेल्या द्रावकाची पातळी अपेक्षेच्या जवळ असते, ईथर वापरताना ती पाहून वाईट वाटते. हरवलेले ईथर कुठे गेले हे नाकाला लगेच कळते.

एक गोष्ट दोघांनाही लागू आहे. शेवटी पदार्थ पूर्ण कोरडा करण्यासाठी दाब खाली नेण्याआधी जमा झालेला द्रावक ओतून काढावा. तसे न केल्यास तोच द्रावक पुन्हा उकळून पंपाकडे निघतो आणि आधीची सगळी काळजी वाया जाते.

ईथरला त्याच्या जागेवरून हलवता येत नाही अशी कामे आहेत, हे मान्य करायला हवे. ग्रिन्यार अभिकर्मक (मॅग्नेशियमपासून बनवायचे सेंद्रिय संयुग) करायचा असेल तर ईथर किंवा टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान). एमटीबीई मॅग्नेशियमला नीट सांभाळत नाही. उत्पादन स्वतःच ८०–१०० अंशांना उडणारे असेल तर ३४ अंशांना निघून जाणारा द्रावक वरदान ठरतो. आणि संहत आम्ल असेल तिथे एमटीबीई नको. १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या धुण्याने काही होत नाही, पण संहत सल्फ्युरिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लाने ते फुटून मिथेनॉल आणि आयसोब्युटिलीन वायू बनतो. बंद फनेलमध्ये तो दाब अनपेक्षित असतो. शिवाय एमटीबीईचा वास रेंगाळतो आणि पाण्यात अगदी अल्प प्रमाणातही जाणवतो, म्हणून धुण्याचे पाणी सिंकमध्ये सोडू नये. एकेकाळी पेट्रोलमध्ये मिसळलेल्या एमटीबीईने भूजल याच गुणामुळे बिघडवले.

एखाद्याला दोन्ही नको असतील तर २-मिथाइल टीएचएफचा विचार होतो. ८० अंशांना उकळते, रोटाव्हॅपवर मुकाट्याने जमते. पण पेरॉक्साइडची कटकट तिथे परत येते, तेव्हा त्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

ग्रिन्यार ईथरमध्ये केले असले तरी संपृक्त अमोनियम क्लोराइडने अभिक्रिया शमवल्यानंतरचे निष्कर्षण एमटीबीईने करता येते. हा मधला मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. मात्र त्या मिश्र टाकाऊ द्रावकाच्या डब्यावर ‘ईथरयुक्त’ आणि भरायला सुरुवात केल्याची तारीख लिहावी, डबा पाऊण भागापेक्षा जास्त भरू नये आणि धातूचा असेल तर ओतताना दोन्ही भांडी तारेने जोडून अर्थिंग द्यावे. डब्यातले ईथर एमटीबीईच्या शेजारी असले तरी त्याचे पेरॉक्साइड बनणे थांबत नाही.